पर्यावरणाचं सगळं खापर लोकसंख्येवर फोडायचं का?

सिन्नरफाटा (रविवार, रात्री ९:१२)

लेक यंदा एफवायबीकॉमला आहे. पर्यावरणशास्त्र सगळ्यांनाच सक्तीचं, मग तुम्ही ताळेबंद शिका नाहीतर कविता. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सगळीकडे शिकवा असं सांगितलं, त्याची ही फळं. यंदा प्रकल्पाचा विषय आलाय 'लोकसंख्यावाढ आणि साधनसंपत्तीचा वापर: माझ्या शहराचा अभ्यास'. नेटवरून उतरवलेलं चालणार नाही, अशी मॅडमनी तंबी दिली आहे.

मी तिला म्हटलं, यात अभ्यास कसला? आकडेच बोलतात. नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या १९९१ ला साधारण ६ लाख ५७ हजार, २००१ ला १० लाख ७७ हजार, २०११ ला १४ लाख ८६ हजार. वीस वर्षांत सव्वादोनपट. नदी तीच आणि गंगापूर धरणही तेच, १९६५ चं. पाणी, कचरा, ट्रॅफिक, झाडं, काहीही घ्या, मुळाशी माणसांची संख्याच सापडते.

लेक म्हणते, "बाबा, तुम्ही उत्तर आधी ठरवून मग प्रश्न वाचताय." म्हणून इथे विचारतोय. तुम्हाला काय वाटतं? आणि नाशिकमध्ये तिने नेमकं काय बघावं?

टवाळ_कार्टं (रविवार, रात्री ९:२०)

पहिला!

लेकीचा प्रकल्प बाबा करतायत, म्हणजे मनुष्यबळ ही साधनसंपत्ती अजून मुबलक आहे अशी नोंद घ्यावी.

मखमलाबादकर (रविवार, रात्री ९:४१)

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे नजर जाईल तिथवर मळे होते. आता एनए (बिगरशेती) प्लॉट, रो-हाऊस आणि मधेच उभा एखादा एकटा आंबा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि बोअर ज्या वर्षी मारली त्याच्या पुढच्याच वर्षी शेजारच्या सोसायटीने आमच्यापेक्षा खोल मारली. माणसं वाढली की हे होणारच. सोपं गणित आहे, उगाच तत्त्वज्ञान नको.

चिकित्सक_चिवडा (रविवार, रात्री १०:०५)

सोपं गणित मांडणारे बरेच होऊन गेलेत. पहिला माल्थस, १७९८ साली. माणसं गुणाकाराने वाढतात, अन्न बेरजेने वाढतं, तेव्हा उपासमार अटळ, असं त्याचं म्हणणं. तेव्हा जगात शंभर कोटीसुद्धा माणसं नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपण आठशे कोटी झालो, आणि डोई अन्न तेव्हापेक्षा जास्तच आहे.

दुसरा किस्सा तर पैजेचाच आहे. १९८० मध्ये पॉल एर्लिक हा जीवशास्त्रज्ञ आणि ज्युलियन सायमन हा अर्थशास्त्रज्ञ यांनी पैज लावली. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंचे भाव दहा वर्षांत महागाई वगळून वाढले तर एर्लिक जिंकला, उतरले तर सायमन. दहा वर्षांत जग ऐंशी कोटींनी वाढलं आणि पाचही धातू स्वस्त झाले. एर्लिकने मुकाट ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक पाठवला. तेव्हा 'माणसं वाढली की होणारच' हे वाक्य जरा जपून.

मखमलाबादकर (रविवार, रात्री १०:११)

चिवडाशेठ, तांबं महाग झालं तर माणूस ॲल्युमिनियमची तार वापरतो. पाण्याऐवजी काय वापरू? सायमनला मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर ठेवायला हवा होता.

मास्तर_नाशिकरोड (रविवार, रात्री ११:३०)

मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच माफी.

चिवडा यांचा किस्सा खरा आहे, पण अर्धाच. पुढे काही अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडून दाखवला की पैजेची दहा वर्षं वेगळी निवडली असती तर अनेकदा एर्लिक जिंकला असता. आणि मखमलाबादकर म्हणतात तो मुद्दा तर कळीचाच. धातूला बाजारभाव असतो, तुटवडा आला की भाव ओरडून सांगतो. नदीत सोडलेल्या सांडपाण्याला भाव नाही, जमिनीखाली उतरणाऱ्या पातळीलाही नाही. तिथे कोणी ओरडत नाही, आणि समजतं तेव्हा बोअर कोरडी पडलेली असते.

वर्गात मी एक सूत्र सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याच एर्लिक आणि होल्ड्रेन यांच्या लिखाणातून ते पुढे आलं. पर्यावरणावरचा भार म्हणजे माणसांची संख्या, गुणिले दर माणशी वापर, गुणिले तो वापर भागवायच्या तंत्राचा परिणाम. तीन आकड्यांचा गुणाकार आहे. सिन्नरफाटा पहिला आकडा धरून बसलेत, चिवडा तिसरा. दुसऱ्याकडे अजून कोणी बघितलेलं नाही.

आता नाशिकचं गणित करू. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरांसाठी केंद्राचा निकष माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे वर्षाला सुमारे ४९ हजार लिटर. २०११ ची लोकसंख्या १५ लाख धरली तर वर्षाला ७,४०० कोटी लिटर, म्हणजे २.६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). आज २० लाख धरा (हा माझा अंदाज, जनगणना झालीच नाही), तर साडेतीन टीएमसी. गंगापूर धरणाचा साठा ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे ५.६ टीएमसी. त्यात बाष्पीभवन आहे, गळती आहे, शेतीचा आणि उद्योगांचा वाटा आहे, हे सगळं मान्य. शिवाय मुकणे आणि दारणा ही धरणं वेगळी.

पण खरी गंमत पुढे आहे. हेच धरण मुळात ७,२०० दशलक्ष घनफुटांचं होतं. मधले १,५७० गाळाने खाल्ले. घनफुटाचे लिटर करा आणि १३५ च्या निकषाने वाटा: नऊ लाख माणसांचं वर्षाचं पाणी. हे नऊ लाख कोणी जन्माला घातले नाहीत. डोंगर उघडे पडले, माती वाहून आली, तळाशी बसली. लेकीच्या प्रकल्पात एवढा एक परिच्छेद घातला तरी मॅडम खूश होतील.

टवाळ_कार्टं (रविवार, रात्री ११:३४)

मास्तर, धरणात नऊ लाख माणसं बसली आहेत आणि ती एकही पाणीपट्टी भरत नाहीत, हे वाचून झोप उडाली.

रेवती_कॉलेजरोड (सोमवार, सकाळी ७:५०)

मास्तरांचा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवली).

एक शंका. नाशिकची वाढ ही जन्माने झालेली वाढ आहे का? २००१ ते २०११ मध्ये शहर ३८ टक्क्यांनी वाढलं, पण जिल्हा २२ टक्क्यांनीच. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कामाला आलेले, सिडकोत घर घेतलेले, शिकायला आलेले, मुंबईला कंटाळून आलेले (आम्ही) असे सगळे त्यात आहेत. ही माणसं जिथे होती तिथेही पाणी पीतच होती. त्यांना 'लोकसंख्यावाढ' म्हणायचं की स्थलांतर?

मास्तर_नाशिकरोड (सोमवार, सकाळी ८:२५)

रेवतीताई, मुद्दा बरोबर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्राचा जननदर १९९२-९३ मध्ये बाईमागे २.९ मुलं होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ आहे. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला २.१ लागतो. म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो. तरी संख्या अजून काही वर्षं वाढेल, कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आया होतायत. गाडीचा ब्रेक दाबला तरी ती थोडी पुढे जाते, तसं. पण ब्रेक लागलेला आहे, हे व्हॉट्सॲपवर कोणी सांगत नाही.

टवाळ_कार्टं (सोमवार, सकाळी ८:४०)

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. चारपाच महिने थांबून ऑगस्टमध्ये, सिंहस्थाच्या अमृतस्नानाच्या दिवशी मोजा म्हणावं. एका दिवसात मुंबईला मागे टाकू.

सिन्नरफाटा (सोमवार, सकाळी ९:१५)

कार्ट्या, हसलो. पण बघ, तूच माझा मुद्दा मांडलास. सिंहस्थाला गर्दी होते, म्हणून साधुग्राम (साधूंच्या मुक्कामाची वसाहत) लागतं, म्हणून तपोवनातल्या झाडांवर कुऱ्हाड येते आणि लोक रस्त्यावर उतरतात. माणसं कमी असती तर झाडांवर आलं असतं का?

चिकित्सक_चिवडा (सोमवार, सकाळी ९:४८)

सिंहस्थ बारा वर्षांतून एकदा येतो, आणि तारीख बारा वर्षं आधी माहीत असते. तरी जागेचा विचार शेवटच्या दोन वर्षांत. याचा लोकसंख्येशी काय संबंध? हा नियोजनाचा पत्ता कट आहे.

सिस्टरबाई (सोमवार, दुपारी २:३०)

मी निवृत्त एएनएम, म्हणजे सरकारी उपकेंद्रावरची नर्स. नोकरी सगळी पेठ-सुरगाण्याकडच्या उपकेंद्रांवर झाली, आता पंचवटीत असते. वरचं सगळं वाचलं. माझ्या भागाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पाऊस किती पडतो ते नाशिकमध्ये बसून कळत नाही. जुलैत चार-चार दिवस डोंगर दिसत नाही. भात, नागली, वरई सगळं पावसावर. वस्ती विरळ, पाड्यावर वीस-तीस घरं. सिन्नरफाटा यांच्या हिशेबाने तिथं पाण्याची चंगळ पाहिजे. एप्रिल उजाडला की त्याच पाड्यांवर बाया विहिरीच्या कपारीला पाय लावून खाली उतरतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. माणसं कमी, पाऊस जास्त, तरी तहान. काळा पाषाण, उभा उतार, आलेलं पाणी दमणगंगेने, नार-पारने समुद्राकडं निघून जातं. अडवलं नाही तर थांबत नाही.

दुसरं. लोकसंख्या म्हटलं की आमच्या खात्याचं टार्गेट आठवतं. ऑपरेशन कोणाचं, तर बाईचं. मास्तरांनी ज्या पाहणीचा आकडा दिला, त्याच पाहणीत देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के आहे. पुरुषांचं ऑपरेशन सोपं, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. मी हे वर्षानुवर्षं सांगत फिरले, बाप्ये मान खाली घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवायचे. तेव्हा 'लोकसंख्या कमी करा' म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः रांगेत उभं राहावं, मग बाकीचं बोलू.

आणि ज्या बाईला तीन मुलं आहेत तिच्या घरात रोज किती पाणी लागतं ते मी बघितलंय. चार हंडे. त्यातच स्वयंपाक, आंघोळी, कोंबड्या. कॉलेजरोडच्या एका गाडीच्या आंघोळीत तिचा दिवस निघतो.

रेवती_कॉलेजरोड (सोमवार, दुपारी २:५२)

सिस्टरबाई, __/\__

(गाडी ओल्या फडक्याने पुसते हो. कॉलेजरोडची सगळीच माणसं वाईट नसतात.)

मखमलाबादकर (सोमवार, दुपारी ३:१०)

सिस्टर, प्रतिसाद मनापासून आवडला. तरी एक विचारतो. पाड्यावर चार हंड्यांत भागतं, ते उद्या तसंच राहावं असं तुम्हालाही वाटत नसणार. नळ आला, मुलं शिकली, शहरात आली, की त्यांनाही १३५ लिटर लागणार, आणि लागलंच पाहिजे. मग मास्तरांच्या सूत्रातला दुसरा आकडा वाढणारच. तो वाढला की पहिला आकडा मोठा असणं परत नडतं की नाही? म्हणून मी संख्येचा मुद्दा सोडायला तयार नाही.

मास्तर_नाशिकरोड (सोमवार, दुपारी ३:४०)

हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. जेवण करून येतो.

पैठणचा_पाहुणा (सोमवार, संध्याकाळी ६:०२)

मराठवाड्यातून नमस्कार. नाशिककरांची पाण्यावरची चर्चा वाचून करमणूक झाली. तुम्ही धरणांच्या माथ्यावर बसलाय. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते म्हणून ती नाशिकची होत नाही. खाली जायकवाडी आहे, त्याच्या खाली आमची शहरं, आमची शेतं. २०२३ साली पाऊस कमी झाला, तर वरच्या धरणांतून साडेआठ टीएमसी सोडायचा आदेश काढावा लागला, आणि त्यावर केवढा गदारोळ! २००५ चा कायदा आहे, तुटीच्या वर्षी तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची म्हणतो. जायकवाडी १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं हे सूत्रही ठरलं होतं. इथे संख्येचा काय संबंध? कुणी आधी अडवलं हाच संबंध.

मखमलाबादकर (सोमवार, संध्याकाळी ६:१०)

आलं! जायकवाडी आल्याशिवाय नाशिकचा धागा पूर्ण होत नाही. खाली ऊस किती लावता तेही सांगा पाहुणे.

पैठणचा_पाहुणा (सोमवार, संध्याकाळी ६:१३)

सांगतो. आधी तुमचे द्राक्षबाग आणि वायनरी मोजा.

टवाळ_कार्टं (सोमवार, संध्याकाळी ६:१५)

*मिसळ घेऊन बसलो. तर्री वाढा.*

संपादक (सोमवार, संध्याकाळी ६:५०)

ऊस-द्राक्ष सामन्यातले अकरा प्रतिसाद काढले आहेत. नाशिक-मराठवाडा पाणीवादासाठी जुना धागा आहे, तिथे खुशाल भांडा.

द्राक्षवाला_दिंडोरी (सोमवार, रात्री ८:४५)

दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचलं. ज्यांच्या नावाने भांडण झालं तो मीच, द्राक्षवाला.

पाहुण्यांचं एक खरं. देशात वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास शेती घेते. त्यामुळे मास्तर, तुमचं १३५ लिटरचं गणित बरोबर असलं तरी ते लहान टाकीचं आहे. मोठी टाकी आमच्याकडं आहे.

पण आमच्याच तालुक्यात एक गोष्ट झाली, ती शहरात फार कोणाला ठाऊक नसते. वाघाड धरण. पाट ओझरपर्यंत जायचा, म्हणजे कागदावर जायचा. शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी दिसायचंच नाही, कारण डोक्याकडचे रात्री दारं उघडायचे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातर्फे लोकांना एकत्र बसवलं आणि १९९०-९१ च्या सुमाराला शेपटाकडच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढं वाढत वाढत चोवीस झाल्या आणि अख्ख्या धरणाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हातात आलं.

त्यातला गाभा एकच: पाणी मोजून घ्यायचं. पूर्वी पीक आणि एकर बघून पट्टी लागायची, मग कितीही ओता. घनमापन पद्धत आली, संस्थेला इतके घनमीटर मिळणार, त्यात काय लावायचं ते तुम्ही ठरवा. लोक आपोआप ठिबककडं वळले. पाटाचं पाणी नाल्यांत, बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या. धरण तेवढंच राहिलं आणि माणसं वाढली, तरी शेपटाला पाणी पोचायला लागलं.

भांडणं होत नाहीत असं नाही. दर मीटिंगला होतात. पण आता ती मीटिंगमध्ये होतात, रात्री चारीवर कुऱ्हाडी घेऊन नाही.

बागलाणी (सोमवार, रात्री ९:२०)

काय भो, वाघाडचं सांगितलं आन् आमच्या फडाचं राहिलं! मोसम, आरम आणि तिकडं धुळ्याकडं पांझरा, या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षांपासून होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात भुसार, पुढच्या वर्षी फिरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा पगार गाव देणार. पाणी कमी पडलं तर एकाचंच वावर वाळत नसे, सगळ्यांचाच एक फड कोरडा राही.

वरच्या बाजूला धरणं झाली, काठाला विहिरी-मोटारी आल्या, तसा फड मोडत गेला. मोटार ज्याच्याकडं त्याला पंचायतीची गरज काय?

मास्तर_नाशिकरोड (सोमवार, रात्री १०:३०)

जेवण जरा लांबलं.

मखमलाबादकर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोघांनी दिलं. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने मांडलं की सामाईक कुरण असलं की प्रत्येकजण आपली जास्तीत जास्त जनावरं सोडतो आणि कुरण संपतं. तो लेख मुळात लोकसंख्येवरच होता. मग एलिनॉर ऑस्ट्रम या बाई जगभरच्या सामाईक पाण्याचा, जंगलांचा, मासेमारीचा अभ्यास करत राहिल्या. त्यांनी दाखवलं की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण ठेवली, मोडणाऱ्याला आधी हलका मग जड दंड केला, तर कुरण शेकडो वर्षं टिकतं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बागलाणींचा जागल्या त्यांच्या सिद्धांतात चपखल बसतो.

उरलेलं अर्धं उत्तर तुमच्या बाजूने आहे. संख्या मोठी असली की चूक करायला जागा कमी उरते. गळकी पाइपलाइन सहा लाखांच्या शहराला परवडते, वीस लाखांच्या नाही. म्हणून 'संख्या महत्त्वाची नाही' असं मी लिहिणार नाही. पण संख्येवर बोट ठेवून थांबलं की मीटर, गाळ, गळती, सांडपाणी यांच्याबद्दल कोणालाच काही करावं लागत नाही. हीच त्या उत्तराची सोय आहे, आणि ते उत्तर इतकं लोकप्रिय असायचं कारणही.

चिकित्सक_चिवडा (सोमवार, रात्री १०:४४)

मास्तर, तंत्राला तुम्ही अजून कमी गुण देताय. ठिबक नसतं तर वाघाडच्या मीटिंगमध्ये काय वाटून घेतलं असतं?

द्राक्षवाला_दिंडोरी (सोमवार, रात्री १०:५१)

चिवडा, ठिबक बाकीकडंही आलं ना. तिकडं वाचलेल्या पाण्यावर लोकांनी बाग वाढवली आणि बोअर आणखी खोल गेली. नळी स्वस्त आहे, माणसं एका सतरंजीवर बसवणं अवघड.

सिन्नरफाटा (मंगळवार, रात्री ९:३०)

सगळा धागा लेकीला वाचायला दिला. माझं मत अजून फारसं हललेलं नाही. वीस लाखांपेक्षा दहा लाख बरे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण प्रकल्प तिचा आहे आणि तिने माझा विषय धुडकावून लावलाय. तिचं ठरलंय ते असं. आमच्या सोसायटीचं नळाचं मीटर, बोअरचा पंप किती वेळ चालतो ते, आणि टँकर, असं महिनाभर लिहून काढायचं, माणसांनी भागायचं आणि १३५ शी ताडून बघायचं. तेच एका बैठ्या चाळीत करायचं. मग ओझरला जाऊन पाणीवापर संस्थेत मोजणी कशी होते ते बघायचं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आत्ताच विचारलंय की हे आकडे बाहेर जाणार का.

सिस्टरबाई (मंगळवार, रात्री ९:४८)

पोरीला शाबास म्हणावं. चाळीत जाईल तेव्हा पाणी कोण भरतं आणि कितीला उठून भरतं तेही लिहायला सांगा. लिटरमध्ये ते येत नाही.

मखमलाबादकर (मंगळवार, रात्री ९:५५)

आमच्या सोसायटीचेही आकडे देतो. नाव घालू नका फक्त.

द्राक्षवाला_दिंडोरी (मंगळवार, रात्री १०:१०)

सिन्नरफाटा, आत्ता ऑक्टोबर छाटणी चालू आहे, कोणाला मान वर करायला वेळ नाही. रब्बीचं आवर्तन (पाटाला सोडायची पाण्याची पाळी) सुटलं की या, तेव्हा चारीवर पाणी मोजताना प्रत्यक्ष दिसेल. कोरड्या पाटाचे फोटो काढून काय करणार? येताना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, संस्थेत ओळख करून देतो.

टवाळ_कार्टं (मंगळवार, रात्री १०:१२)

द्राक्षवाले, मीही येतो. मोजायला नाही, खायला.

द्राक्षवाला_दिंडोरी (मंगळवार, रात्री १०:१५)

मग फेब्रुवारीत ये. पिशवी घरून आण.